दहा इंच

माणसाची अक्कल पाहायची असेल तर त्याच्या दिवाणखान्यात बसू नये, त्याच्या बाथरूमची फरशी उकरावी, असं मिस्त्रीचं ठाम मत होतं. चौतीस वर्षं तो फरश्या उकरत आला होता. खाली केसांचे पुंजके सापडले, साबणाच्या चिपा सापडल्या, एका निवृत्त मुख्याध्यापकाच्या घरी तर दातांची अख्खी कवळी सापडली. अक्कल मात्र अजून कुठल्याच घरात हाती लागली नव्हती.

धंद्यातले लोक त्याला पाठीमागे ‘पाव इंच’ म्हणायचे. सांडपाण्याच्या पाईपाला फुटामागे पाव इंच उतार द्यायचा. कमी दिला तर घाण थांबते, भलताच जास्त दिला तर पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते. जगात शास्त्र म्हणून काही असेल तर ते एवढंच, बाकी सगळ्या थापा, असं तो मानायचा. पाण्याला खाली जायचं असतं. एवढी साधी गोष्ट शिकायला लोकांना कॉलेजं लागतात, आणि कॉलेजं करूनही ती डोक्यात शिरत नाही, याचा त्याला राग यायचा.

त्याचा एक नियम होता. चूक दिसली की मालकाला एकदा सांगायचं, नीट, आकड्यांनिशी. ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर तोंडाला कुलूप लावायचं आणि तो म्हणेल तसं करून द्यायचं. दुसऱ्यांदा सांगायचं नाही. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला तो काही रिकामा नव्हता. या नियमामुळे आपल्याला रात्री गाढ झोप लागते, असं तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा.

तर असा हा मिस्त्री एका सकाळी एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बाथरूम हलवायचं काम बघायला गेला. दार उघडणारा माणूस चाळिशीचा, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घातलेला.

“मिस्त्री, मी सगळा अभ्यास केलाय,” तो म्हणाला.

हे वाक्य ऐकलं की मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडायची. अभ्यास म्हणजे फोनवर पाहिलेले तीन व्हिडिओ. त्यातला एक अर्धवट.

मालकाने काम समजावलं. म्हातारी आई आठ महिन्यांपूर्वी मागच्या बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. आता ती वॉकर धरून चालायची. मागचं बाथरूम म्हणजे नुसती चिंचोळी बोळ. दोन फुटांचं दार, उंबऱ्याच्या आत खोलगट जमीन, वॉकर आत नेला तर माणूस बाहेर राहायचा. म्हणून आईच्या खोलीला लागून पुढच्या बाजूला जी अडगळीची खोली आहे, तिथे नवं बाथरूम करायचं. कमोड आणि शॉवर. विचार चांगला होता. मिस्त्रीला क्षणभर त्या माणसाबद्दल बरंही वाटलं. ते फार टिकलं नाही.

कारण सोफ्यावर इंटिरियरवाला बसला होता, मांडीवर लॅपटॉप घेऊन. त्याने चित्र दाखवलं. भिंती पांढऱ्याशुभ्र, जमीन आरशासारखी सपाट, छताला परातीएवढा शॉवर, कोपऱ्यात कुंडी आणि कुंडीत झाड. चित्रात सगळं होतं, पाणी जायची सोय तेवढी नव्हती.

“हे पाणी जाणार कुठून?” मिस्त्रीने विचारलं.

“ड्रेनमधून.”

“आणि ड्रेन कुठे जाणार?”

“ते तुमचं काम,” इंटिरियरवाला हसून म्हणाला.

उंटावरून शेळ्या हाकणारी ही जात.  मिस्त्रीने टेप काढली आणि घर मोजलं. मलमूत्राचा आणि सांडपाण्याचा उभा पाईप इमारतीच्या मागच्या बाजूला, जुन्या बाथरूमच्या भिंतीत. अडगळीची खोली पुढच्या टोकाला. मधे आईची खोली, आणि आईच्या खोलीच्या मागे, जुन्या बाथरूमला पाठ लावून, आणखी एक खोली. मिस्त्रीने तिचं दार ढकललं. आत एक टेबल, एक फिरती खुर्ची आणि व्यायामाची सायकल होती. सायकलच्या हँडलवर दोन टॉवेल, सीटवर एक पायजमा वाळत घातलेला. पायडलवर कोळ्याने निवांत जाळं विणलं होतं.

“ही खोली कशाची?”

“माझी. ऑफिसच्या मीटिंगा असतात माझ्या इथे. आणि फिटनेस.”

मिस्त्रीने पायजम्याकडे पाहिलं आणि टेप गुंडाळली.

“ऐका साहेब,” तो म्हणाला. “पुढच्या खोलीपासून उभ्या पाईपापर्यंत चोवीस फूट. फुटाला पाव इंच म्हणजे सहा इंच उतार. पाईप स्वतः चार इंच. झाले दहा. खाली स्लॅब आहे, तो खोदता येत नाही, खाली लोक राहतात. पुढच्या भिंतीला बाहेरून पाईप लावायला इमारतीची मनाई आहे, पाटीच लावलीय जिन्यात. म्हणजे पुढच्या खोलीची जमीन दहा इंच उचलावी लागणार. दहा इंचांची पायरी. आणि हीच गोष्ट तुमच्या या सायकलच्या खोलीत केली, तर उभा पाईप भिंतीपलीकडे तीन फुटांवर. ट्रॅप, म्हणजे वास अडवणारा वळणाचा पाईप, पलीकडच्या बाथरूमच्या खोलगटात बसतो. एक इंचसुद्धा उचलायचं काम नाही. आईंच्या दारापासून चार पावलं. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?”

“मिस्त्री, एक पायरीच आहे ना?” मालक म्हणाला. “तेवढी चढेल आई. डॉक्टर म्हणतातच, हालचाल पाहिजे.”

“नाहीतर पंप बसवू,” इंटिरियरवाला म्हणाला. “घाण वर ढकलणारा येतो.”

“वीज गेली की घाण खाली कोण ढकलणार? तुम्ही येणार?” मिस्त्री म्हणाला. “आणि तो परातीएवढा शॉवरही विसरा. टाकी जेमतेम दोन मजले वर आहे. एवढ्या दाबावर त्यातून पाऊस पडत नाही, लाळ गळते.”

शॉवरचं मालकाने ऐकलं. खोलीचं नाही. माझी खोली सोडून बोला, म्हणाला. मग मिस्त्रीने नियमाप्रमाणे तोंडाला कुलूप लावलं. त्या दिवशी आई आणि सून दोघी घरात नव्हत्या. आईच्या पायाच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेल्या होत्या. पण मिस्त्रीला त्याचं काही वाटलं नाही. मालकाला सांगितलं, म्हणजे घराला सांगितलं.

काम सुरू झालं तेव्हा म्हातारी दिसली. हाडकुळी, उंच, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. ती खुर्ची दारात ओढून बसायची आणि मिस्त्रीचं काम बघायची. मिस्त्रीला बघणारी माणसं आवडत नसत. बघणारी माणसं सल्ले देतात. पण ही बाई दीड दिवस एक अक्षर बोलली नाही, आणि बोलली तेव्हा मिस्त्रीच्या हातातली पट्टी थांबली.

“उतार किती देताय?”

“फुटाला पाव इंच, आजी.”

“आमच्याकडे अर्धा असायचा. चिंध्या यायच्या ना.”

म्हातारी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात तीस वर्षं मुकादम होती. रोज हजार चादरी, चौदा बायका, आणि एक नाला जो दर पावसाळ्यात तुंबायचा, कारण तो बांधणाऱ्याने शिडीवरून खाली उतरून कधी बघितलंच नव्हतं. तिने हे सांगितलं तेव्हा मिस्त्रीला फार बरं वाटलं. जगात आपल्याइतकी चिडलेली आणखी एक व्यक्ती आहे, हे कळल्यावर माणसाला बरं वाटतं.

मग ती सारखी बोलू लागली. हवेचा पाईप कुठून वर नेणार? गरम पाणी यायला किती वेळ लागणार, आधीचं गार पाणी किती वाया जाणार? शॉवर उघडताना अंगावर पहिल्यांदा गारच पडतं, ते का? मुलाने नि इंटिरियरवाल्याने एकदाही विचारले नव्हते असे नेमके प्रश्न. मिस्त्री पाईप कापता कापता उत्तरं द्यायचा, आणि मनातल्या मनात त्या दोघांना शिव्या घालायचा.

“तुम्हाला सांगते मिस्त्री,” तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मला त्या फरशीचं, चित्राचं काही नाही. आठ महिने सून अंघोळ घालते मला. वाईट नाही घालत, खोटं कशाला बोलू? पण पाठ चोळताना तिचा डोळा घड्याळावर, आणि माझा डोळा तिच्या डोळ्यावर. तिला ऑफिस गाठायचं असतं, आणि मी तिथे स्टुलावर उघडी बसलेली. चौदा बायकांना मी दमात ठेवलं, आणि आता ‘हात वर करा आई’ म्हटलं की हात वर करते. मला दार लावून एकटीने अंघोळ करायचीय. मनाला येईल तेवढा वेळ. बस, आणखी काही मागत नाही मी कोणाकडे.”

मिस्त्री पाईपाच्या कापलेल्या टोकावरून कानस फिरवत राहिला.

“पाय सपाटीवर चालतो माझा,” ती पुढे म्हणाली. “चढायचं नाव काढायचं नाही, म्हणालेत डॉक्टर. इमारतीला लिफ्ट आहे म्हणून तर बाहेर पडते.”

मिस्त्रीचा हात थांबला. दहा इंच. त्याच्या मनात आलं, विचारावं का हिला, पायरीचं कोणी सांगितलंय का? पण नियम तो नियम. सांगायचं ते सांगून झालं होतं. घरातल्या घरात बोलले असतील, दोघं हात धरून चढवतील, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून त्याने पुढचा पाईप उचलला आणि कापायला घेतला.

चौथ्या दिवशी म्हातारी आणि सून पुन्हा दवाखान्यात गेल्या. त्याच दिवशी मिस्त्रीने आणि गवंड्याने अडगळीच्या खोलीत दाराशी विटांची ओळ लावली, आत भराव टाकला, वरून सिमेंट ओढलं. काम देखणं झालं. पट्टी ठेवली तर बुडबुडा रेघेच्या मधोमध. गवंडी म्हणाला, असा चौथरा राजाच्या सिंहासनालासुद्धा नसेल. मिस्त्रीला ते पटलं.

तेवढ्यात दोघी परत आल्या. बघू कुठवर आलंय म्हणत म्हातारी वॉकर सरकवत सरळ त्या दाराशी आली. वॉकरचे पुढचे पाय विटांना जाऊन आपटले. तिने खाली पाहिलं. दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरला, आणि दुखरा पाय उचलला. तो विटेच्या निम्म्यापर्यंत गेला, थरथरला आणि खाली आला. तिने पुन्हा उचलला. पुन्हा तेवढाच. तिसऱ्यांदा तिने उचलला नाही.

“हे काय आहे?”

“चौथरा, आजी. पाईपाच्या उतारासाठी. दहा इंच.”

“सपाट होणार होतं. चित्रात सपाट होतं.”

“मलाही सपाटच सांगितलं,” मागे उभी असलेली सून म्हणाली. तिच्या हातात दवाखान्याची फाईल होती.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” म्हातारीने मिस्त्रीला विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. मी सांगितलं होतं ना.”

“कोणाला?”

“मालकाला.”

“अंघोळ कोण करणार आहे?”

 चौतीस वर्षांत शेकडो बाथरूमं केली होती मिस्त्रीने. टोलेजंग घरं पाहिली, एका खोलीत सात माणसं राहणारी घरं पाहिली. सगळीकडे जो दार उघडायचा, जो मोठ्याने बोलायचा, त्याला तो मालक म्हणायचा आणि त्यालाच विचारायचा. अंघोळ कोण करणार, हे त्याने आजवर कोणालाच विचारलं नव्हतं. त्या इस्त्रीच्या शर्टात आणि आपल्यात काडीचा फरक नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला भयंकर लाज वाटली.

“घराच्या कागदावर माझं नाव आहे,” म्हातारी म्हणाली. “पण ते राहू दे. मी तीन दिवस तुमच्यासमोर बसले होते. दोन हातांवर. माझ्या हाताखाली नाला तुंबलेला बघून एकदा सांगून गप्प बसणारी बाई असती ना, तिला मी दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत घेतली नसती.”

वॉकर वळवायला तिला वेळ लागला. कोणी हात लावायला गेलं नाही, तिचा चेहराच तसा होता. ती खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. त्या भिंतीच्या तळाशी मिस्त्रीचा पाईप फुटाला बरोबर पाव इंच उतरत गेला होता.

मिस्त्री त्या दिवशी लगेच घरी गेला नाही. मालक ऑफिसातून येईपर्यंत जिन्यात बसून राहिला, आणि तो आल्या आल्या त्याने आयुष्यात पहिल्यांदा एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. मग तिसऱ्यांदाही सांगितली.

“साहेब, त्या चढू शकत नाहीत. आज मी डोळ्यांनी पाहिलं.”

“सवय होईल.”

“हाडाला सवय होत नाही.”

मालकाने इंटिरियरवाल्याला फोन लावला. रॅम्प करा, असं फोनमधून आलं. मिस्त्रीने फोन मालकाच्या हातातून घेतला.

“अहो चित्रकार, दहा इंच चढायला दहा फूट रॅम्प लागतो. दारासमोर जागा पाच फूट आहे. त्यात बसवला तर आजी चढताना मागे कलंडतील आणि उतरताना थेट समोरच्या भिंतीत जातील. पुढच्या चित्रात तेवढं दाखवा.” त्याने फोन परत दिला. “साहेब, अजून फरशी लागलेली नाही. तुमच्या त्या खोलीत करू. माझी चूक आहे, पाईप काढायचे-लावायचे कष्ट माझे.”

“मी मीटिंगा कुठे घेऊ? स्वयंपाकघरात?” मालकाचा आवाज चढला. “आणि तुम्ही कोण मला शिकवणार? आईसाठीच करतोय ना मी सगळं? कोण करतं आजकाल एवढं? ठरलंय तसं करा, नाहीतर दुसरा मिस्त्री बघतो.”

आईसाठी. मिस्त्रीने आत पाहिलं. दार उघडं होतं, आणि म्हातारी तशीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपलेल्या माणसाची पाठ वेगळी दिसते. ती जागी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला तो आपली हत्यारं गोळा करून निघून जायला. मालक ऑफिसला गेला होता. दार सुनेने उघडलं. या बाईबद्दलही मिस्त्रीचं मत बरं नव्हतं. सदा घाई, सदा फोन, सासूकडे बघायला फुरसत नाही, असं त्याने तिचं माप घेऊन टाकलं होतं. आज ती घरच्या कपड्यांत होती.

“रजा टाकलीय मी,” ती म्हणाली. “आई बोलावतायत.”

म्हातारी सायकलच्या खोलीच्या दारात वॉकर धरून उभी होती.

“मिस्त्री, पाईप या भिंतीच्या मागे आहे म्हणालात ना काल?”

“हो. तीन फुटांवर.”

“इथे मी सपाटीवरून आत जाईन?”

“एक इंच चढायचं नाही. फरशी कोपऱ्याकडे जराशी उतरती असेल, पायाला कळणारसुद्धा नाही.”

“मग फोडा.”

मिस्त्रीने सुनेकडे पाहिलं. सवयच ती. म्हातारीने ते बरोबर टिपलं.

“तिच्याकडे काय बघता? मी सांगतेय.”

पण सून आधीच आत शिरली होती. तिने पायजमा ओढून जमिनीवर टाकला, टॉवेल टाकले, आणि सायकल दोन्ही हातांनी धरून ओढत बाहेर काढली. फरशीवर चरे पडले. ती थांबली नाही. “रोज सकाळी सहाला उठून मी यांना अंघोळ घालते,” ती धापा टाकत म्हणाली, कोणाला ते कळलं नाही. “रोज यांना अवघडल्यासारखं होतं आणि रोज मलाही होतं. दोघी तोंडातून शब्द काढत नाही. आणि हे महाशय पलीकडे कपडे वाळत घालतात. आई, ही कुठे ठेवू?”

“त्या चौथऱ्यावर ठेव. एवढा बांधलाय.”

मिस्त्री आणि सून दोघांनी मिळून सायकल दहा इंच वर चढवली. पाठोपाठ टेबल गेलं, फिरती खुर्ची गेली. आपण या बाईचं माप चुकीचं घेतलं, हे मिस्त्रीने मनातल्या मनात कबूल केलं. मोठ्याने केलं नाही.

मग त्याने आणखी एक गोष्ट केली, जी त्याच्या हातून आधी कधी झाली नव्हती. शॉवरचा कॉक तो डोळे मिटून साडेतीन फुटांवर बसवायचा, थेट शॉवरच्या खाली. सगळेच बसवतात. आज त्याने रिकाम्या खोलीत स्टूल मांडलं आणि म्हणाला, “आजी, बसा. अंघोळीला बसाल तशा. आता हात न ताणता पुढे करा.”

“उजवा वर जात नाही माझा.”

“मग डावा.”

तिने डावा हात पुढे केला. बोटं भिंतीला जिथे टेकली तिथे मिस्त्रीने पेन्सिलने खूण केली. सव्वादोन फूट. शॉवरच्या धारेपासून हातभर बाजूला, म्हणजे पहिलं गार पाणी अंगावर येणार नाही. शॉवर छताला नाही, हातात घेता येईल असा, नळीचा. मग तिच्या मांडीजवळ भिंतीला धरायची दांडी, कमोडजवळ दुसरी. प्रत्येक ठिकाणी ती हात पुढे करायची आणि तो खूण करायचा. एका खुणेला ती म्हणाली, “अर्धा इंच खाली.” मिस्त्रीने निमूटपणे खोडून अर्धा इंच खाली केली.

संध्याकाळी मालक आला तेव्हा त्याच्या खोलीत फरशी नव्हती, आणि भिंतीला कमोडच्या पाईपाचं भोक पडलं होतं. तो खूप ओरडला. विश्वासघात म्हणाला, मिस्त्रीला बाहेर काढतो म्हणाला, एवढं करून माझीच किंमत नाही म्हणाला. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं.

“झालं?” तिने विचारलं. “तू माझ्यासाठी करत होतास ना? मग मला उपयोग होतोय, तर रडतोस कशाला?”

 मालकाने बायकोकडे पाहिलं. ती झाडू घेऊन चरे पडलेली फरशी झाडत होती, आणि तिने मान वर केली नाही. जेवून तो त्या चौथऱ्यावर आपल्या टेबलाशी जाऊन बसला. तिथे पंखा नव्हता.

पुढे दहा दिवस काम चाललं. ट्रॅप पलीकडच्या खोलगटात बसला, हवेचा पाईप वर गेला, गरम पाण्याचा पाईप जेमतेम सात फुटांचा झाला. जमिनीला पाणीरोधक लेप दोनदा दिला आणि दाराशी आड लावून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. खालच्या घरात छताला एक ठिपकासुद्धा आला नाही. इंटिरियरवाला एकदा येऊन गेला. दांड्या बघून म्हणाला, दवाखान्यासारखं दिसतंय. मिस्त्रीने त्याला जोड्यांसकट लेपावर उभं राहू दिलं नाही, एवढंच त्याला उत्तर दिलं.

शेवटच्या सकाळी मिस्त्री सात वाजता आला. एरवी गिऱ्हाईक नवा शॉवर सुरू करायच्या आत तो जिना उतरलेला असायचा. कौतुक ऐकायला थांबणारे मिस्त्री त्याला आवडत नसत. आज तो थांबला. पिशवी उगाच आवरत बसला.

म्हातारी वॉकर घेऊन निघाली. चार पावलं. उंबरा नव्हताच. वॉकर आत गेला, ती आत गेली, वॉकर वळला, आणि दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पाणी.

दाराबाहेर सून उभी होती, हातात टॉवेल घेऊन, आठ महिन्यांच्या सवयीने. मुलगा ऑफिसचे कपडे घालून चौथऱ्यावरून खाली उतरला आणि तोही येऊन उभा राहिला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पाणी बंद झालं, पुन्हा सुरू झालं. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि तिघेही एकदम पुढे सरकले. सुनेचा हात कडी शोधत दारावर गेला. पण बाहेरून उघडता येईल अशी कडी ठेवलीच नव्हती. म्हातारीने सांगितलं होतं, नको म्हणून.

“आई! काय झालं? पडलात?”

“साबण पडला.” आतून आवाज आला, पाण्याच्या वरताण, चौदा बायकांना ऐकू जाईल असा. “साबण ठेवायला एक कोनाडा केला नाही कोणी, एवढे शहाणे जमलात तरी! आणि दाराला कान लावून किती जण उभे आहात तिकडे? चालते व्हा. मला अजून वेळ आहे.”

मुलगा खाली मान घालून ऑफिसला निघाला. मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली आणि वहीत कोनाड्याचं लिहून घेतलं. सून मात्र तिथेच उभी राहिली. साडेसात वाजले होते आणि या वेळी काय करायचं असतं, ते तिला आठवेना. मग तिने टॉवेल दाराच्या मुठीला अडकवला, स्वयंपाकघरात जाऊन चहा गाळला, आणि बसून गरम असतानाच प्यायला.